डावीकडून चौथी

सिनेमाला साठ वर्षं झाली म्हणून
थेटरानं नवा पडदा बसवलाय.
दारात फुगे, आणि मेयरच्या गळ्यात
त्याची ती ढोपरापर्यंतची साखळी.
मला बिल्ला दिलाय: ‘मूळ संचातील’.
जशी चहाच्या सेटमधली
एकटी उरलेली बशी.

जुलैत आले होते ते लोक
ट्रक भरभरून बर्फ घेऊन.
बर्फ म्हणजे मीठ.
वेल्सच्या डोंगरातलं आमचं खाणीचं गाव,
पाटीच्या दगडाची छपरं,
त्यांवर फावड्यांनी पसरलं मीठ
आणि एका दुपारात सगळं करडेपण
नाताळच्या केकखाली गेलं.
(मिसेस प्रॉबर्टचे कांद्याचे वाफे जळले ते जळलेच.
मरेपर्यंत तिनं तो सिनेमा पाहिला नाही.)

आम्ही चाळीस पोरं
लोकरीच्या कोटांत घामानं थबथबलेली.
‘कुडकुडा!’ असं एक माणूस कर्ण्यातून ओरडायचा
आणि आम्ही कुडकुडायचो.
दिवसाला दहा शिलिंग.
आईनं त्यातून भावाला बूट घेतले.

आता, आमच्या गावात
बाळ रडतं तेसुद्धा सुरात.
खडक फोडता फोडता
तिसरा आवाज लावणारी माणसं ही.
त्यांच्यात मी.

गाणं बसवणाऱ्या बाई पहिल्याच तालमीत
कान देत देत रांगेतून आल्या,
माझ्यापाशी थांबल्या.
नाव विचारलं. मेइनिर, म्हटलं.
‘मेइनिर, बाळा, तू ओठ हलव. फक्त ओठ.’
रागावल्या नाहीत हं.
खिशातून पेपरमिंटची गोळी काढून दिली.
ती मी चावली नाही.
विरघळू दिली.

मग मी ओठ हलवले.
असे हलवले की काय सांगू!
आवाजाचं ओझं नसलं की
तोंड केवढं उघडतं माणसाचं.
शेवटच्या गाण्यात
घड्याळजीची पाच पोरं चौकातलं घड्याळ चालू करतात,
गाव गायला लागतं,
आणि कॅमेरा आमच्या रांगेवरून सरकत सरकत
डावीकडून चौथ्या तोंडापाशी
चार सेकंद रेंगाळतो.

दर नाताळला, टीव्हीवर, चार सेकंद
माझ्या तोंडातून सगळा देश
दुसऱ्याच कुणाचा आवाज ऐकतो.
इद्रिसचा असावा.
तो पाचवा होता.

बाबाला ऐकू यायचं नाही.
एक कान सुरुंगानं नेला,
दुसरा यंत्रांनी, हप्त्याहप्त्यानं.
तो माणसांच्या ओठांवरून बोलणं उचलायचा.
नाताळच्या दुपारी खुर्ची पुढे ओढून बसायचा.
घड्याळजीकडे, त्याच्या पोरांकडे
धड लक्षही द्यायचा नाही.
वाट बघायचा.
आणि मी आले, की मांडीवर थाप:
‘शब्द न् शब्द कळला!
बाकीची सगळी पुटपुटतात.
गाते ती ही एकटी.’

आई माझ्याकडे बघायची.
मी गाजरांकडे.
एकोणीस नाताळ झाले असे.
कुणीही त्याला सांगितलं नाही.

खाण मिटली.
चॅपेलात आता गालिचे विकतात.
चौकातलं ते घड्याळ तर लाकडाचंच होतं,
कुणाच्या तरी खुराड्याला दार म्हणून लागलं.
इद्रिस ऑस्ट्रेलियात आहे,
किंवा आता नसेलही.

आणि आज सगळं थेटर गातंय.
पडद्याच्या तळाशी शब्द येतात,
पण ते बघतो कोण?
मेयर गातोय, तिकिटं फाडणारा पोरगा गातोय,
मिसेस प्रॉबर्टची नात गातेय
आणि तीही चांगली गातेय.

शेजारच्या खुर्चीतली पाच-सहा वर्षांची चिमुरडी
गाता गाता थांबते.
माझ्या तोंडाकडे बघते,
पडद्याकडे बघते,
पुन्हा माझ्याकडे.
बाही ओढते.
‘आजी, तुमचा आवाज येत नाहीये.’

‘हो ना,’ मी म्हणते,
‘ओरिजिनल असंच आहे.’

तिला हे पटतं.
ती पॉपकॉर्नचा डबा पुढे करते.
मीठ फार आहे त्यात.